न आलेले चेंडू

सुपडूचा चेहरा आठवायला बसलो की माझी पंचाईत होते. नाक कसं होतं, मिशा राखल्या होत्या की काढल्या होत्या, शपथेवर सांगता यायचं नाही. पाठ मात्र विचारा! मानेवरचा तीळ सांगतो, उजव्या खांद्याखाली बंडीला लावलेलं ठिगळ सांगतो, घाम कुठून सुरू होऊन कुठवर उतरायचा तेही सांगतो. आमच्या जिनाच्या हॉकी टीमचा मी गोलकीपर आणि तो फुलबॅक. म्हणजे पुढे तो आणि त्याच्या मागे मी. माणूस तोंडावरून ओळखावा असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरी गोलात उभं राहून पाहावं.

तेव्हा नंदुरबारला कापसाच्या जिनांची चलती होती. तापीकाठचा सगळा कापूस गाड्या भरभरून यायचा, जिनात सरकी वेगळी व्हायची, गाठी बांधून सुरतेकडे रवाना व्हायच्या. मी तिथे इंजिनावर फिटर होतो. सगळे मला मिस्तरी म्हणत. मालक गोकुळशेठ. त्यांचे आजे-पणजे गुजरातेतून आलेले, पण शेठ इथलेच झालेले. रागावले की अहिराणीत आणि खूश झाले की गुजरातीत. हिंदुस्थानची हॉकी त्या वेळी दुनियेत गाजत होती, त्यामुळे ज्याला त्याला हॉकीचं खूळ लागलं होतं. धुळ्याला कप, जळगावला कप, सुरतेला कप. शेठनाही वाटलं, आपली टीम पाहिजे. त्यांनी गडी जमवले आणि खेळण्यासाठी म्हणून त्यांना जिनात बारमाही कामावर ठेवलं. बाकीचे मजूर कापूस संपला की आपापल्या गावी जात. टीमवाल्यांना मात्र वर्षभर काम आणि आवारात एकेक खोली.

हे बारमाही काम आणि ही खोली ध्यानात ठेवा, कारण सुपडूचा जीव त्यातच अडकला होता. तो रनाळ्याचा. भाऊ चार, जमीन टीचभर. घरात त्याला आणि त्याच्या बायकोला पडवीत गोणपाटाचा आडोसा करून दिलेला, बस्स. जिनातली खोली मिळाली त्या दिवशी त्याच्या बायकोने चूल मांडायच्या आधी माझ्याकडून दाराला आतून कडी बसवून घेतली. मग दार लावलं, कडी घातली, काढली, पुन्हा घातली. बाहेर आम्ही दोघे उभे. मी म्हटलं, "सुपडू, बाईने तुला बाहेरच ठेवलं की रे!" तो पाठ माझ्याकडे करून दाराकडे बघत होता. म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मिस्तरी. तिले कडी नवी शे."

टीममध्ये तो आला तोही चुकून. हंगामी मजूर होता, पाठीवर कापसाचे बोरे वाहायचा. आमच्या एका फुलबॅकला मॅचच्या दिवशी हिवताप भरला आणि माणूस कमी पडला म्हणून याला उभा केला. तो गडी पुन्हा आलाच नाही, म्हणून हा राहिला. उंची म्हणाल तर माझ्या छातीला त्याचा माथा. हॉकीची काठी त्याच्या हातात दिली तर ती त्याला ओढतेय असं वाटे. शेवटी मीच करवतीने तिचा वरचा तुकडा कापला आणि सुतळी गुंडाळून मूठ करून दिली. लोक हसले. 'ओ मिस्तरी, गड्याला वाढवायचं सोडून काठी का कापली?' असा एक जण ओरडला. त्या दिवशी आम्ही जिंकलो. मला गोलात उभ्या उभ्या कंटाळा आला होता, एवढंच आठवतं. कंटाळा का आला याचा विचार करायची अक्कल मला फार उशिरा आली.

आता फुलबॅक म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं? आडदांड गडी, मांड्या उखळासारख्या, आणि त्याने टोला मारला की चेंडू थेट पलीकडच्या बाभळींत! पब्लिक टाळ्या पिटतं. सुपडूकडे टोला नव्हता. तो चेंडू घ्यायचा आणि पाच पावलांवर उभ्या असलेल्या आपल्या माणसाच्या काठीला नेऊन चिकटवायचा, शेजारणीकडे विरजण पोचवावं तसा. त्याला कोण टाळी देणार?

आणि चेंडू घ्यायचा तरी कसा! हिसकाहिसकी नाही, धक्काबुक्की नाही. समोरचा गडी धावत यायचा तेव्हा हा नुसता अर्धं पाऊल सरकून उभा राही. समोरच्याला वाटे, वा, डावीकडून वाट मोकळी आहे. तो डावीकडे शिरे, आणि शिरल्यावर कळे की वाट साइडलाइनकडे जाते. गोल तर राहिला तिसरीकडेच. मग तो बिचारा चिडून चेंडू कुठेतरी ढकलून द्यायचा आणि सुपडू तिथे असायचाच. मी मागून ओरडे, "अरे सुपडू, येतोय बघ!" तर त्याचं ठरलेलं उत्तर, "येऊ दे ना. जाई जाई कथा जाई?" म्हणजे, येऊ दे की, जाऊन जाऊन जाणार कुठे?

त्याची एक सवय होती. संकट अंगावर आलं की तो मागे वळून माझ्याकडे कधी बघत नसे. फक्त डावा हात पाठीमागे आणून पंजा उघडायचा. पाच बोटं पसरलेली. 'तू थांब तिथंच, मी शे.' म्हणजे, मी आहे. तो पंजा दिसला की मी पॅडवरचे हात सैल सोडी. देवळात कासवाला हात लावल्यावर वाटतं तसं निवांत वाटायचं मला. खोटं कशाला बोलू?

पण शेठना तो कधीच पसंत पडला नाही. शेठ माणूस वाईट नव्हे. उलट व्यापारात इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण त्यांची सगळी हयात कापूस पारखण्यात गेली होती. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा आणि तार किती लांब निघते ते पाहायचं. लांब तार तो माल चांगला, आखूड तार तो हलका. आमच्या भागातला कापूस आखूड तारेचा म्हणून शेठ जन्मभर कुरकुरत आले. आणि नेमका सुपडू त्यांच्या वाट्याला! "मिस्तरी, गडी मेहनती छे," ते म्हणायचे, "पण तार आखूड. सुरतेच्या बाजारात असा माल घेऊन गेलो तर लोक हसतील मला."

एकदा धुळ्याची एक टीम आमच्याकडे खेळायला आली. त्यांचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे दांडगा, गोल केल्याशिवाय ज्याला जेवण पचत नाही असा. त्या दिवशी त्याला पचलं नसणार. मॅच संपल्यावर तो चपला हातात घेऊन सरळ शेठच्या खुर्चीपाशी आला आणि सुपडूकडे बोट करून म्हणाला, "शेठजी, हा बुटका आम्हाला द्या. मी दिवसभर त्याला पाहिजे तिकडे पळत होतो. मला वाटत होतं, मला पाहिजे तिकडे पळतोय."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, चला, आपलं कोण ऐकतंय, पण समोरच्या टीमच्या तोंडून आलं म्हणजे मोहर लागली. शेठ हसले, त्याला चहा पाजला, पाठवणी केली. आणि तो गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाहिलंस? समोरची पार्टी आपला माल इतका वाखाणायला लागली की समजायचं, माल खराब छे आणि तो आपल्याच गळ्यात राहावा असं त्यांना वाटतंय. खरोखर पाहिजे असेल तो माणूस खोड काढतो खोड!"

घ्या! बाजारात हे शंभर टक्के खरं आहे. मी कपाळावर हात मारला आणि इंजिनाला तेल घालायला गेलो.

सुपडूला हे सांगितलं तर तो हसला. कळण्याची भाकरी आणि ठेचा खात बसला होता, तोही भिंतीकडे तोंड करून. म्हणाला, "शेठनं बी बरोबर शे. त्येले दिसस तेच तो सांगस." मला संताप आला. "अरे, पण तुझी बाजू तू मांडशील की नाही?" तर म्हणे, "काय मांडू? जे व्हयनंच नही ते कसं दखाडू?"

जे झालंच नाही ते कसं दाखवू? बरोबर होतं त्याचं. जे गोल झालेच नाहीत ते कुठल्या ताटात घालून शेठपुढे ठेवणार?

मग एका हंगामाच्या शेवटी शेठ सुरतेकडून रघुवीर नावाचा एक गडी घेऊन आले. ताडमाड उंच, रंगाने गोरा, टोला असा की पब्लिकच्या तोंडून 'अहाहा' निघावं. माणूस म्हणून लाख होता, मला त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलायचा नाही. पण खोल्या होत्या तितक्याच आणि फुलबॅकच्या जागा दोन. दुसरा फुलबॅक शेठचा पुतण्या, त्याला कोण हलवणार? म्हणजे सुपडू गेला.

मी त्या दिवशी कामाचे कपडे न बदलता पेढीवर गेलो आणि शेठशी भांडलो. हो, भांडलो! "शेठ, हा गेला तर आपला गोल म्हणजे धर्मशाळा होईल," असं म्हटलं. शेठ रागावले नाहीत. गादीवर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "ठीक. मी अन्याय नाही करणार. नमुन्याशेजारी नमुना ठेवू. धुळ्याची तीच टीम दोन रविवार बोलावतो. एका रविवारी तुझा सुपडू, दुसऱ्या रविवारी रघुवीर. जो माल उजवा, तो राहील."

मी पेढीवरून अक्षरशः नाचत आलो. याहून सरळ न्याय कुठे असतो का? सुपडूच्या बायकोने त्या रविवारी सकाळी मला गूळ-पाणी दिलं. "भाऊ, खोली ऱ्हाई ना?" म्हणाली. मी छाती ठोकून सांगितलं, ऱ्हाई.

पहिला रविवार सुपडूचा. काय खेळला तो! पण कोणाला सांगू? चेंडू माझ्यापर्यंत येतच नव्हता. धुळ्याची टीम यायची, अर्ध्या मैदानापुढे तिचं काहीतरी बिनसायचं आणि ती परत जायची. पब्लिकला वाटलं, आज धुळेकरांचा खेळ पडला. भुईमुगाच्या शेंगा खात लोक गप्पा मारत बसले. मला जांभई आली, आणि ती शेठनी पाहिली. आम्ही एका गोलने जिंकलो. लोक पटापट घरी गेले.

दुसरा रविवार. सुपडू काठीशिवाय आला आणि माझ्या गोलाच्या जाळीमागे उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या मागे! बुली झाली, म्हणजे काठीला काठी लावून खेळ सुरू झाला, आणि धुळ्याची टीम तुटून पडली. रघुवीर धावायचा, भिडायचा, टोले मारायचा, आणि चुकायचाही. तो चुकला की समोर मीच. मी डावीकडे पडलो, उजवीकडे पडलो, छातीवर घेतला, पायावर घेतला. चेंडू काठीने अडवला, हाताने अडवला, एक तर गुडघ्याची वाटी फुटते की काय असा अडवला. पब्लिक वेडं झालं. "मिस्तरी! मिस्तरी!" बायका घरांच्या माळवदांवर चढून बघायला लागल्या.

आणि मला हळूहळू कळायला लागलं, हे काय चाललंय ते.

मध्यंतरात मी जाळीपाशी गेलो. म्हटलं, "सुपडू, मी एक सोडतो. एकच. म्हणजे शेठच्या डोक्यात उजेड पडेल." त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी देवाच्या मूर्तीला लाथ मारायची भाषा करतोय. म्हणाला, "पागल व्हयना का? गोल तुन्हा नावे लागी. रघुवीरना नावे नही लागाव."

हेही खरंच होतं हो! अडवला तर रघुवीर चांगला, सोडला तर मी वाईट. सुपडू मात्र कशातच नाही. तरीही मी मनाशी ठरवलं. माझं नाव गेलं खड्ड्यात, एक सोडायचाच.

आणि तशी संधी आली. तोच धुळ्याचा दांडगा, एकटा, रघुवीरला मागे टाकून आलेला. त्याने मारला तो खालून, उजव्या कोपऱ्यात. मला फक्त उभं राहायचं होतं. खाली बघत, दगडासारखं उभं. पण पाय गेला. मी सांगतो, मी नेला नाही, पाय गेला! इतक्या वर्षांचा गोलात उभा राहिलेला पाय, त्याला कुठे माहीत खोली काय आणि कडी काय. चेंडू पॅडवर आपटून बाहेर गेला.

आणि माझ्या मागून, जाळीतून, मोठ्याने आवाज आला, "शाब्बास!"

मी वळलो. दोन्ही हातांनी जाळी धरून सुपडू उभा होता. तोंड उघडं. ते शाब्बास त्याच्याही तोंडातून आपसूक निघालं होतं आणि निघाल्यावर त्याच्या ध्यानात आलं होतं, आपण काय बोललो. त्याचा तेवढाच एक चेहरा मला आठवतो, आणि तो त्याचा रोजचा नव्हता.

आम्ही याही वेळी एका गोलने जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. शेठनी स्वतःच्या डोक्यावरची पगडी उतरवून माझ्या डोक्यावर ठेवली. मी तशा अवस्थेत त्यांचा हात धरला आणि सांगितलं, "शेठ, ऐका. चेंडू माझ्याकडे आला, कारण आज सुपडू पुढे नव्हता. गेल्या रविवारी आला होता का एक तरी?"

शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. विचारसुद्धा केला. मग म्हणाले, "मिस्तरी, दोन्ही दिवस आपल्यावर गोल शून्य. बरोबर? मग दोन्ही माल अडवण्यात सारखे. आता रघुवीरला त्यावर टोला छे, उंची छे. आणि चेंडू तुझ्याकडे आला तर अडवणं तुझंच काम ना भाई? गेल्या रविवारी तू जांभया देत होतास. हा आला तर तूसुद्धा जागा झालास!"

आता यातलं कुठलं वाक्य चुकीचं आहे, तुम्हीच सांगा. मी इतकी वर्षं शोधतोय.

खोली रिकामी झाली तेव्हा मी मदतीला गेलो. सामान ते केवढं, एका डोक्यावर मावेल एवढं. मी पाना घेऊन कडी काढायला लागलो, म्हटलं रनाळ्याला कुठल्यातरी दाराला लावू. त्याची बायको म्हणाली, "ऱ्हाऊ दे, भाऊ. तठे दारच नही ना." सुपडू पुढे चालायला लागला.

त्यानंतर मी अजून काही वर्षं खेळलो, नाव कमावलं. ज्याच्या पुढे सुपडू नाही त्या गोलकीपरचं नाव होतंच. पुढे लढाई सुरू झाली, शेठनी टीम मोडली, रघुवीर सुरतेला परत गेला. मी मात्र इंजिनांवरच राहिलो.

लढाईच्या दिवसांतच एकदा रनाळ्याचे दौलतराव मला त्यांच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायला बैलगाडीतून घेऊन चालले होते. बडे शेतकरी, बोलघेवडा माणूस. त्यांचं कापसाचं शेत लागलं. दोन्ही बाजूंच्या शेतांत ढोरांनी पार नासाडी केलेली, आणि मधलं दौलतरावांचं शेत बोंडांनी भरलेलं. कुंपणाला एक मोठं खिंडार होतं. तिथे एक बुटका माणूस हातात आखूड काठी घेऊन पाठमोरा उभा होता. मानेवर तीळ.

"हाऊ कोन?" माझ्या तोंडून अहिराणीच निघाली.

"सुपडू. राखणले ठेवेल शे," दौलतराव म्हणाले. "पन पुढला सालपाईन त्येले नही ठेवाव."

"काबर?"

"आरे मिस्तरी, मन्हा शेतमा ढोरे येतसच नही! शेजारना शेतमा दख, रोज नासाडी. मन्हाकडे एक बी ढोर येत नही. मंग राखण कसाले ठेवू?"

मी गाडीत उठून उभा राहिलो. म्हटलं, "दौलतराव, ढोरं येत नाहीत कारण तो तिथे उभा आहे म्हणून!"

दौलतराव माझ्या पाठीवर थाप मारून हसले. "बरं, तू म्हनस तर एक काम करसूत. एक साल त्येले काढी दखसूत. ढोरे उनात, तर मंग ठेवसूत."

एक वर्ष त्याला काढून बघायचं, आणि ढोरं आली तर मग ठेवायचं! मी खाली बसलो. तोवर त्याने घर कुठे मांडायचं, आणि वर्षभराने कोण कुणाला बोलवायला जाणार?

समोरून गावची खिल्लारं सुटली होती. पुढे एक मस्तवाल गोऱ्हा, खिंडाराकडे तोंड करून पळत येणारा. राहवेना म्हणून मी ओरडलो, "सुपडू! येतोय बघ!"

आवाज ओळखला त्याने. मान तसूभर हलली, पण वळला नाही. अर्धं पाऊल डावीकडे सरकला, एवढंच. गोऱ्ह्याला काय वाटलं कोण जाणे, तो आपणहून शेजारच्या शेताकडे वळला, आणि मागचा सगळा कळप त्याच्या मागे.

"दखं?" दौलतराव म्हणाले. "येतसच नही!"

गाडी पुढे चालली होती. मी मागे वळून बघत होतो. सुपडूचा डावा हात हळूच पाठीमागे आला आणि पंजा उघडला. पाचही बोटं पसरलेली होती.